पाठ टेकायला जागा

किल्लारीच्या पट्ट्यात कुणी गावाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : जुनं की नवं? औशाहून उमरग्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना अशी जोडगावं लागतात. नव्या गावात रस्ते सरळ आणि ऐसपैस, घरं एका साच्यातली, प्रत्येक घराला क्रमांक. जुन्या गावाच्या जागी बाभळी, दगडांचे ढीग, कुठे एखादं शाबूत जोतं. दोन्हींच्या मध्ये शेतं. बत्तीस वर्षं होऊन गेली, तरी इथल्या वयस्कर माणसांच्या बोलण्यात कुठल्याही घटनेचा काळ दोनच तऱ्हांनी सांगितला जातो, भूकंपाच्या अगोदर किंवा भूकंपाच्या मागून.

३० सप्टेंबर १९९३, गुरुवार, पहाटेचे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बुडवून, मिरवणुकीतून दमूनभागून आलेली माणसं गाढ झोपेत होती. ६.२ ते ६.४ तीव्रतेच्या धक्क्याने लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातली ५२ गावं भुईसपाट झाली. मृतांचा सरकारी आकडा आठ हजारांच्या घरात आहे, काही नोंदींत तो दहा हजारांपर्यंत जातो. त्यात पाऊस लागला. ढिगारे उपसणाऱ्यांच्या पायाखाली चिखल, आणि वाचलेल्यांच्या डोक्यावर काहीच नाही.

हा भाग भूकंपाच्या नकाशावर तेव्हा सगळ्यात निर्धोक पट्ट्यात मोडत होता. १९९२ च्या पावसाळ्यानंतर किल्लारीला जमीन हादरत होती, आवाज येत होते, लोक घाबरून अर्ज-विनंत्या करत होते. पण दख्खनच्या कातळावर मोठा भूकंप व्हायचा नाही, हा समज पक्का होता. नकाशा सुधारून हा परिसर तिसऱ्या क्षेत्रात टाकला गेला तो २००२ साली.

माणसं मेली ती मात्र जमीन हलल्यामुळे कमी आणि घर अंगावर आल्यामुळे जास्त. ते घर नीट बघायला हवं, कारण मराठवाड्यातल्या कित्येक पिढ्यांचं सुख त्याच घरात होतं. त्याला माळवद म्हणतात. दोन-अडीच फूट रुंदीच्या, काही वाड्यांत त्याहून जाड अशा दगडी भिंती. भिंतीला बाहेरून एक थर, आतून एक थर, आणि मधल्या पोकळीत दगडगोटे आणि माती. आत लाकडी खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फळ्या, आणि त्यावर पांढऱ्या मातीचा हातभर थर. मृगाच्या आधी माळवदावर चढून नवी माती पसरायची, चोपायची, पाणी वाहून जाईल असा उतार धरायचा, हे दरवर्षीचं काम. वैशाखात बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचा कहर असताना आत गारवा. रात्री सगळं घर माळवदावर झोपायला. त्याच माळवदावर कुरडया, पापड, वाळवणाच्या डाळी. एका माळवदावरून दुसऱ्यावर पाय टाकत बायका आख्खी गल्ली फिरून यायच्या; खाली उतरायची गरजच पडायची नाही.

त्या पहाटे या भिंतींचे दोन्ही थर एकमेकांपासून सुटून बाहेर-आत कोसळले. थरांना आरपार जोडणारे लांब दगड बहुतेक भिंतींत नव्हतेच. वरच्या मातीचं वजन काही टनांत. जिथे लाकडी सांगाडा भक्कम होता तिथे भिंती ढासळूनही छत खांबांवर तसंच उभं राहिलं आणि खालची माणसं वाचली, अशी उदाहरणं अभियंत्यांनी नोंदवून ठेवली आहेत. म्हणजे माळवद ही चूक नव्हती. भिंतीतले जोडदगड, कोपऱ्यांची बांधणी, छतावर साचत गेलेल्या मातीचं ओझं, यांत चूक होती. पण हे कळायच्या आत लोकांच्या मनातून दगडच उतरला. ज्या दगडाने आजोबा-पणजोबांना सावली दिली त्याच्याकडे माणसं पुढची कित्येक वर्षं संशयाने बघत राहिली.

दिवाळीच्या आधी घराघरांत फळ्या-कपाटं रिकामी होतात, भिंतींना रंग लागतो, माळ्यावरचं सामान खाली येतं. वर्षातून तेवढ्याच वेळी आपण आपलं घर खरं तर हात लावून बघतो. एरवी घर असणाऱ्याला घर दिसत नाही. पंखा, नळ, कडी, दाराशी कुणी हाक मारली तर ओळखू येणारा आवाज, रात्री उठल्यावर अंधारात न चाचपडता माठापर्यंत जाणारे पाय, हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की त्याबद्दल कृतज्ञ व्हावं असं मनातही येत नाही. लातूर आणि नांदेड या दोन जिल्ह्यांत मात्र ही कृतज्ञता शिकवणारी गोष्ट गावागावांत आहे. आणि ती शिकवण ‘बरं झालं, आपल्यावर ही वेळ आली नाही’ एवढ्यावर थांबत नाही.

भूकंपानंतर पहिली सोय झाली ती पत्र्याच्या शेडची. रांगेने उभे केलेले पत्रे, उन्हाळ्यात भट्टी, पावसात कानठळ्या. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या या शेडमध्ये कित्येक कुटुंबांची दोन-तीन वर्षं गेली, काहींची त्याहून अधिक. लग्नं शेडमध्ये लागली, बाळंतपणं शेडमध्ये झाली. दरम्यान राज्य सरकारने जागतिक बँकेच्या कर्जाने पुनर्वसनाचा फार मोठा कार्यक्रम आखला. बँकेचा वाटा सुमारे चोवीस कोटी साठ लाख डॉलरचा होता. शरद पवार मुख्यमंत्री होते, लातूरला प्रवीणसिंह परदेशी जिल्हाधिकारी होते, आणि तेव्हाच्या मानाने यंत्रणा झपाट्याने हलली हे मान्य करावं लागेल. ५२ गावं नव्या जागी वसवली गेली, पंचवीस हजारांहून जास्त घरं बांधली गेली. शिवाय आजूबाजूच्या जिल्ह्यांत मिळून दोनेक लाख घरांच्या दुरुस्तीला आणि मजबुतीला पैसे मिळाले. देशभरातून हात आले. केरळच्या ‘मल्याळ मनोरमा’ने तर बाणेगाव हे अख्खं गाव दत्तक घेतलं, आणि त्याच्या आखणीत लॉरी बेकर यांच्यासारखा, कमी खर्चात माणसाला आपली वाटतील अशी घरं बांधणारा वास्तुविशारद होता.

नवं घर किती मोठं असावं याचा निकष होता जमीन. भूमिहीनाला आणि अगदी थोडी जमीन असलेल्याला २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्याला ४००, सात हेक्टरांच्या वर असलेल्याला ७५०. जुन्या गावात वाडा होता त्याला मोठं घर आणि खोपट होतं त्याला लहान, असा त्यामागचा सरळ हिशेब. पण ढिगाऱ्याखाली वाडा आणि खोपट एक झालं होतं. त्या एका रात्रीनंतर सगळेच सारखे बेघर होते, आणि घर देताना मात्र सातबारा काढून बघितला गेला. हा निर्णय व्यवहाराला धरून असेलही, न्यायाला धरून नव्हता. शेतमजुराच्या घरात माणसं कमी असतात असं कुठे लिहिलेलं नाही.

आणि मग नव्या गावाचं ते रूप. शहरातल्या वसाहतीसारखी आखणी, जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसारा. जुन्या गावात बोळ अरुंद होते, पण त्या बोळांना भावकी होती, आळी होती, ओसरीवर बसणारी माणसं होती. नव्या गावात चुलतभाऊ चार रस्ते पलीकडे, आणि शेजारी अनोळखी. शेत दूर पडलं. गोठ्याला जागा नाही, कडब्याची गंज लावायची कुठे? म्हातारीला लेकीकडे जायचं तर उन्हातून फर्लांगभर चालायचं. सिमेंटच्या छताखाली दुपारी बसवेना. लोकांनी हळूहळू त्या एकसारख्या घरांना आपलंसं केलं : पुढे पत्र्याची पडवी काढली, कुडाचा आडोसा केला, चूल बाहेर मांडली, लिंब लावला. सुरुवातीची वर्षं तर कित्येकजण पक्कं घर असूनही रात्री बाहेर खाटेवरच झोपत. निवारा सरकारने दिला होता. त्याचं घर करायचं काम माणसांनी स्वतःच केलं, आणि ते काही एका बांधकामाच्या मुदतीत संपणारं नव्हतं. घराच्या मालकीच्या कागदाचा, कबाल्याचा प्रश्न तर गावोगावी वर्षानुवर्षं रेंगाळत राहिला. आज त्या घरांत दुसरी-तिसरी पिढी नांदते आहे. भिंती तेवढ्याच आहेत, माणसं वाढली आहेत.

भूकंपाने मुलांचं जे झालं त्याकडे पुण्याच्या शांतिलाल मुथ्था यांचं लक्ष गेलं. त्यांच्या भारतीय जैन संघटनेने भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. वाघोलीचं शैक्षणिक संकुल त्यातूनच वाढलं. आईबाप गमावलेल्या किंवा आईबापांचं सगळं गेलेल्या मुलाला गाव सोडून परमुलखात जाणं म्हणजे दुसऱ्यांदा बेघर होणंच. तरी ती मुलं शिकली, मोठी झाली, नोकऱ्या-व्यवसायांत गेली.

दुसरी गोष्ट बायकांची आहे, आणि या सगळ्या इतिहासात तिला मानाची जागा हवी. दुरुस्तीचा कार्यक्रम हजारांवर गावांत पसरलेला होता. घर कसं मजबूत करायचं, कोपरे कसे बांधायचे, भिंतीत जोडदगड कुठे घालायचे, सरकारी पैसे कुठल्या टप्प्यावर मिळणार, हे घराघरांत सांगणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेमार्फत गावातल्या महिला मंडळांच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं गेलं. ज्या बायका ग्रामसभेत मागे भिंतीला टेकून उभ्या राहत, त्या इंजिनिअरला विचारू लागल्या, सिमेंट-वाळूचं प्रमाण तपासू लागल्या, हप्ता का अडला म्हणून तालुक्याला जाऊ लागल्या. घर पडल्यावर सगळ्यात जास्त काय हरवतं ते त्यांना ठाऊक होतं. पाणी, चूल, न्हाणी, आडोसा यांच्याशी दिवसभर संबंध त्यांचाच.

२६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरलं तेव्हा लातूर-उस्मानाबादच्या याच बायकांतल्या काही जणी गुजरातेत गेल्या. भाषा वेगळी, मुलूख वेगळा. पण पत्र्याच्या शेडमध्ये बसलेल्या बाईला दुसऱ्या शेडमधून बाहेर पडलेली बाई काय सांगते ते समजायला दुभाष्या लागला नसेल. घर तुम्हीच बांधा, ठेकेदाराच्या हवाली करू नका, आखणी करताना आम्हाला विचारा असं म्हणा, हा त्यांच्या अनुभवाचा गाभा होता. कच्छमध्ये पुष्कळ लोकांनी मदतीचा पैसा घेऊन आपली घरं आपल्याच जागी स्वतः उभारली, त्यामागे किल्लारीचे धडेही होते. पुढे २००४ च्या त्सुनामीनंतर ही देवाणघेवाण तमिळनाडूच्या किनाऱ्यापर्यंत पोचली. घर मिळाल्याची कृतज्ञता दाखवायची याहून चांगली रीत सहज आठवत नाही. त्यांनी आभार देणाऱ्यांचे मानले असतीलच. त्याहून मोठं म्हणजे, ज्यांचं नुकतंच गेलं होतं त्यांच्याकडे त्या गेल्या.

औसा तालुक्यातच हासेगाव आहे. रवी बापटले यांनी २००७ मध्ये इथे ‘सेवालय’ सुरू केलं, एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी. ही मुलं भूकंपात बेघर झालेली नव्हती. त्यांच्या घरांच्या भिंती शाबूत होत्या, दारं बंद झाली होती. आई-वडील गेले, नातेवाइकांनी हात झटकले. सुरुवातीला गावातूनही विरोध झाला, शाळेत बसू देण्यावरून वाद झाले. आज तिथली मुलं मोठी होऊन संसाराला लागली आहेत, आणि त्यांच्यासाठी जी वस्ती उभी राहिली तिचं नाव ‘हॅपी इंडियन व्हिलेज’, म्हणजे आजाराचीच तीन अक्षरं घेऊन केलेलं नाव. बेघर कुणाला म्हणायचं याचा विचार करताना ही मुलं विसरता येत नाहीत.

लातूर जिल्ह्यातल्याच धनेगावचे लक्ष्मण गायकवाड. ‘उचल्या’ हे त्यांचं आत्मकथन १९८७ साली आलं आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. जन्मानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतल्या माणसाला घर असून नसल्यासारखं कसं असतं, हे मराठी वाचकाला त्या पुस्तकाने दाखवलं. रात्री-अपरात्री पोलीस आत येऊ शकतात अशा खोपटाला घर म्हणायचं का? १८७१ च्या कायद्याने ब्रिटिशांनी या जमातींवर जो शिक्का मारला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला कागदावरून पुसला गेला. गावकुसाबाहेरच्या वस्तीकडे बघणारी नजर त्या तारखेला बदलली नाही.

भटक्यांचं जग एकत्र बघायचं असेल तर नांदेड जिल्ह्यातल्या लोहा तालुक्यात, माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जावं. मार्गशीर्षात भरते. घोडे, गाढवं, लाल कंधारी गुरं, बेल-भंडारा, तमाशाच्या राहुट्या. आणि त्या गर्दीच्या कडेने पालं. वैदू, घिसाडी, मसणजोगी, गोसावी अशा कितीतरी जमाती वर्षभर रानोमाळ फिरून इथे येत, इथेच त्यांच्या पंचायती बसत, सोयरिकी जमत. पाल म्हणजे काय? दोन-तीन काठ्या, त्यांवर गोधडी किंवा ताडपत्री, चार खुंट्यांना ताणलेली दोरी. आत वाकून जायचं. उभं राहता येत नाही. एका बाजूला पेटी आणि भांडी, एका बाजूला झोपलेलं लेकरू, दाराशी तीन दगडांची चूल, खुंटीला कुत्रं. सकाळी सगळं उपसून गाढवाच्या पाठीवर घालायचं आणि पुढच्या गावाच्या शिवेवर पाटलाची नाहीतर सरपंचाची परवानगी घ्यायची. पाल ठोकायला मिळेल ती जागा सहसा मसणवटीजवळची किंवा उकिरड्याकडची.

या माणसाला जातीचा दाखला हवा असेल, तर विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी महाराष्ट्रात २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. ज्याच्या आजोबाने तीन रात्री एका शिवारात काढल्या नाहीत त्याने साठ वर्षांपूर्वीचा पत्ता कुठून आणायचा? घराचं एक मोठं सुख पत्त्यात असतं, हे पत्ता असणाऱ्याला कळत नाही. रेशनकार्ड, मतदार यादी, शाळेचा दाखला, बँकेचं पुस्तक, सगळ्याच्या पहिल्या ओळीत पत्ता. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ च्या अहवालात हा प्रश्न देशापुढे ठेवला. महाराष्ट्राने २०११-१२ पासून यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आणली : जमीन, तिच्यावर वीस कुटुंबांची वस्ती, प्रत्येकाला २६९ चौरस फुटांचं घर. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या ग्रामीण घरकुलाचं किमान क्षेत्रफळही तेवढंच, २५ चौरस मीटर. किल्लारीच्या भूमिहीनाला १९९३ नंतर मिळालेल्या २५० फुटांपेक्षा १९ फूट जास्त. या देशात गरिबाच्या घराची कल्पना इतक्या वर्षांत एवढीच सरकली आहे.

त्यातही घरकुल मिळायचं तर आधी जागा नावावर हवी. गायरानावर किंवा गावठाणाच्या कडेला तीस-तीस वर्षं राहणाऱ्याचं नाव यादीत लागतं आणि जागेअभावी काम अडतं, ही तक्रार प्रत्येक पंचायत समितीत ऐकायला मिळते.

मुखेड, कंधार, लोहा, जळकोट या तालुक्यांच्या डोंगराळ पट्ट्यातली हजारो कुटुंबं मात्र बेघर नाहीत. त्यांना घर आहे, काहींना घरकुलही मिळालं आहे. दसरा झाला की ऊसतोडीच्या मुकादमाचा टेम्पो येतो. उन्हाळ्यात किंवा पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. घराला कुलूप, म्हातारी माणसं मागे, लहान लेकरं बरोबर. इकडे आपल्या दारात आकाशकंदील लागतो तेव्हा हा कोयता कुठल्या तरी साखर कारखान्याच्या फडाजवळ कोपी उभारत असतो. बांबू वाकवून रोवायचे, वरून पाचट आणि ताडपत्री, दाराला फाटकं लुगडं. पहाटे तीन-चारला उठून भाकऱ्या थापायच्या, अंधारातच फडात जायचं, रात्री गाडी भरायची वेळ आली तर तेव्हाही. न्हाणी नाही, संडास नाही, वीज असली तर एखादा दिवा. बाईला पाळीच्या दिवसांत आडोसा नाही. घर आहे आणि वर्षातले पाच-सहा महिने घरात राहता येत नाही, अशांना काय म्हणावं? कोरडवाहू जमिनीने माणसाला आपल्याच घरातून बाहेर काढलेलं असतं. सरकारने मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने वसतिगृहं काढली ती याचसाठी, की निदान लेकराचं तरी घर सुटू नये, शाळा सुटू नये.

घर असूनही घराचं सुख कसं नाहीसं होतं हे लातूर शहराने २०१६ च्या उन्हाळ्यात भोगलं. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. नळ महिना महिना आले नाहीत. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली. पक्क्या इमारती, टाईल्स, कमोड, वॉशिंग मशीन, सगळं जागच्या जागी आणि पाणी नाही. १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून सुमारे साडेतीनशे किलोमीटर धावून पहिली जलदूत गाडी आली. दहा वाघिणी, प्रत्येकीत पन्नास हजार लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या, काही महिने येत राहिल्या. भाड्याने खोल्या घेऊन शिकणारी बाहेरगावची पोरं त्या महिन्यांत घागरी घेऊन रांगेत उभी होती. ज्यांनी तो उन्हाळा काढला त्या घरांत आजही भांडी विसळलेलं पाणी कुंडीत जातं. मिरजेच्या लोकांनी आपल्या वाट्याचं पाणी गाडीत भरू दिलं, याची आठवण लातूरने जपायला हवी.

नांदेडची गोष्ट वेगळी. गोदावरीकाठच्या या शहरात १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी देह ठेवला आणि तख्त सचखंड श्री हजूर साहिब ही शिखांच्या पाच तख्तांपैकी एक जागा झाली. दिवाळीत इथे तख्तस्नान होतं. गोदावरीचं पाणी आणून पवित्र स्थान धुतलं जातं, शस्त्रं उजळली जातात. आणि वर्षाचे बारा महिने, दिवस-रात्र लंगर चालतो. पंगतीत बसायला पत्ता लागत नाही. जमिनीवरच्या पट्टीवर सगळे एका ओळीत. दोन्ही हात पुढे करून पोळी घ्यायची, डाळ-भाजी मागाल तेवढी. पुण्या-मुंबईचा यात्रेकरू, रेल्वेस्थानकावर रात्र काढणारा मजूर, सरकारी दवाखान्यात कुणाला भरती केलेलं म्हणून आलेला खेड्यातला माणूस, हे तिथे वेगळे ओळखू येत नाहीत. ज्यांच्याकडे घर आहे तेही भांडी घासायला, पिठाचे गोळे करायला बसतात. जेवणाऱ्याने ओशाळं व्हावं असं तिथे काहीच घडत नाही, आणि दानाच्या बाबतीत ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पंजाब आणि आसपासच्या राज्यांतून आलेले सुमारे चार हजार यात्रेकरू नांदेडलाच अडकले. आठवडाभराच्या बेताने आलेली माणसं महिनाभर यात्री निवासांत राहिली, लंगरात जेवली. एप्रिलच्या अखेरीस बसगाड्यांनी त्यांना परत नेलं. त्यांची स्वतःची घरं शाबूत होती, फक्त पोचता येत नव्हतं. त्याच महिन्यांत हमरस्त्यांवरून चालत गावाकडे निघालेल्या मजुरांसाठी कुठल्या शहराने इतकी दारं उघडी ठेवली?

शहरातल्या बेघरांसाठी कागदावर नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात ठरलं की दर लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांचं कायमस्वरूपी निवारागृह असावं, माणशी पन्नास चौरस फूट जागा. २०११ च्या जनगणनेत नांदेड शहराची लोकसंख्या साडेपाच लाख, लातूरची पावणेचार लाखांच्या पुढे. म्हणजे जुन्या मोजणीप्रमाणेही नांदेडला पाचशेहून जास्त आणि लातूरला पावणेचारशेच्या वर माणसांना पाठ टेकता येईल एवढी सोय हवी. बसस्थानकाचे बाक, दवाखान्याचे व्हरांडे, पुलाखालचे कट्टे रात्री अकरानंतर बघितले की ही गरज मोजायला आकडेमोड लागत नाही. पालिकांनी निवारागृहांचा फलक दवाखान्याच्या आणि स्थानकाच्या दारात मोठ्या अक्षरांत लावावा, तिथे बाईला आणि लेकराला सुरक्षित वाटेल अशी व्यवस्था ठेवावी, ही मागणी फार मोठी नाही.

२०११ च्या मोजणीत २८ फेब्रुवारीच्या रात्री देशभर बेघरांची गणना झाली. उघड्यावर, पदपथावर, पाइपांत, पुलाखाली, फलाटावर झोपलेल्यांना त्या रात्री मोजलं गेलं. देशात १७ लाख ७० हजारांहून अधिक, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या आसपास. आता २०२७ ची जनगणना समोर आहे. तिची संदर्भतारीख १ मार्च. तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपलेला नसेल. मुखेड-कंधारच्या घरांना कुलपं असतील आणि ती माणसं दोन-तीनशे किलोमीटरवर कोपीत झोपलेली असतील. छप्पर म्हणून पाचट आहे, तेव्हा कागदोपत्री ती बेघर ठरणार नाहीत. आणि गावातल्या त्यांच्या घरासमोर प्रगणक ‘बंद’ असं लिहून पुढे जाईल. पालं तर त्या रात्री कुठल्या शिवारात असतील हे ग्रामसेवकालाही ठाऊक नसतं. म्हणून नांदेड-लातूरच्या प्रशासनाने मुकादमांच्या याद्या आतापासून मागवाव्यात, कुठल्या कारखान्यावर कुठल्या तांड्याचे, कुठल्या वाडीचे किती कोयते आहेत ते लिहून काढावं, भटक्यांच्या संघटनांना बरोबर घ्यावं, आणि त्या रात्री प्रगणकांना फडावर पाठवावं. कोपीत वाकून शिरायचं, आत किती जण झोपले आहेत ते मोजायचं, आणि बाईला विचारून घ्यायचं की तिचं गाव कुठलं, घर कधीपासून बंद आहे.